संध्याकाळच्या गाण्यातली जागा

मादिम्फो गादीवर बसून होती आणि तिचे कान बसकडे लागले होते.

नवरा गेला की हा-मातुबा गावात बायकोने भिंतीला टेकून जमिनीवरच्या गादीवर बसायचं, अंगाभोवती लोकरी घोंगडी लपेटायची आणि प्रेत घराबाहेर निघेपर्यंत तिथून हलायचं नाही. बाहेर काय चाललंय ते कानांनीच समजून घ्यायचं. बैल वाड्यात हंबरत होता, त्याला उद्याची चाहूल लागलेली होती बहुतेक. पुरुष सुऱ्यांना धार लावत होते. मागच्या अंगणात बायका मका सडत होत्या आणि शेजारची मातेफो त्या सगळ्यांवर ओरडत होती. मातेफोचा आवाज एवढा दणदणीत होता की मादिम्फोच्या नवऱ्याने, तुमेलो मास्तरांनी, तिला चर्चच्या कॉयरमध्ये कधी घेतलं नाही. त्याबद्दल तिने त्यांना कधी माफही केलं नाही.

तीच आत आली, हातातलं पीठ झटकत.

"बघू नकोस अशी दाराकडे," ती म्हणाली. "बस अजून दरीत आहे. गुरगुर ऐकू येतेय. येईल तो."

"येईल गं. येईलच," मादिम्फो म्हणाली. "पण पाहुण्यासारखा येईल."

मातेफोने तिच्या खांद्यावरची घोंगडी नीट केली आणि पुन्हा बायकांवर ओरडायला बाहेर गेली.

मादिम्फोला नवऱ्यासाठी आता काहीच मागायचं नव्हतं. माणूस पुरेसा जगला, चांगला जगला. तिला एवढंच हवं होतं, की उद्या लेफाने, तिच्या एकुलत्या एका मुलाने, बापाच्या खड्ड्याशी घरच्या माणसासारखं उभं राहावं. बापलेकात जे अडून बसलं होतं ते तसंच मातीखाली जाऊ नये. ते सोडवायचं कसं, हे मात्र तिला इतकी वर्षं समजलं नव्हतं आणि आजही समजत नव्हतं.

तुमेलो रामात्ला हा मुळात भांडणारा माणूसच नव्हता. सेंकू नदीच्या वरच्या अंगाला, जिथे गाडीरस्ता संपून घोड्याची वाट सुरू होते, तिथल्या मिशनच्या शाळेत तो मास्तर म्हणून आला तेव्हा गावात धडधाकट पुरुष औषधालाही सापडत नव्हता. सगळे सरहद्दीपलीकडे सोन्याच्या खाणींवर. उरले होते गावप्रमुख, एक लंगडा मेंढपाळ आणि हा मास्तर. खाणीवर गेला असता तर तिप्पट पगार मिळाला असता, आणि हे त्याला लोकांनी इतक्यांदा ऐकवलं की शेवटी तो स्वतःच आधी सांगायचा. "हो, हो, तिप्पट मिळाला असता," तो म्हणायचा, "पण तिथे मला पोरांची गाणी कोण ऐकवणार? आणि हिच्या हातची उकड कोण पाठवणार?"

मास्तर पाणी भरायचा. झऱ्यावरून बादली आणणं हे बायकांचं काम. तिथे हा माणूस डोक्यावर बादली घेऊन, वर दो-रे-मी म्हणत यायचा आणि बायका खी खी हसायच्या. मातेफो तर तोंडावर म्हणायची, "मास्तर, आता परकर तेवढा घाला." तो थांबायचा, डोक्यावरची बादली सावरायचा आणि म्हणायचा, "तुझा देतेस का?" मग झऱ्यावर जी हशाची लाट उठायची ती मादिम्फोला घरात बसून ऐकू यायची, आणि तिला लाजही वाटायची आणि बरंही वाटायचं.

शाळा समोरच्या उतारावर होती, मध्ये ओढा. शाळा सुटली की तुमेलो फाटकाशी उभा राहून घराकडे बघायचा आणि मूठ कमरेशी धरायचा. हातांच्या खुणांनी सूर शिकवायची त्याची पद्धत होती, आणि कमरेशी मूठ म्हणजे दो. सगळी गाणी शेवटी जिथे येऊन टेकतात तो सूर. त्या खुणेचा त्या दोघांत अर्थ एवढाच, की निघालो, चूल पेटव.

पोरांना पाढे सुरात, नद्यांची नावं सुरात. एकदा तर इन्स्पेक्टर आला असताना सगळ्या वर्गाने भागाकार चार आवाजांत गाऊन दाखवला. उत्तर चुकलं, पण सूर पक्का होता. इन्स्पेक्टरने काय शेरा मारला ते तुमेलोने घरी सांगितलं नाही, आणि ज्या अर्थी सांगितलं नाही त्या अर्थी मादिम्फोला ते समजलं.

पहिलटकरणीने माहेरी बाळंत व्हायचं, म्हणून थोरल्या मुलीच्या, दिम्फोच्या वेळी मादिम्फो डोंगरापलीकडे आईकडे होती. मुलगी झाली की बापाच्या अंगावर पाणी ओतून बातमी द्यायची, मुलगा झाला तर काठीने मारून. जुलै महिना, म्हणजे तिकडे ऐन हिवाळा, ओढ्यावर बर्फाची साय. मादिम्फोची मावशी घोड्यावरून आली, सरळ वर्गात शिरली आणि शाळेचीच बादली उचलून मास्तरच्या डोक्यावर उपडी केली. मास्तर थिजून उभा. पोरं चिडीचूप. मग त्याने दातांवर दात आपटत हात वर केले आणि अख्ख्या वर्गाकडून आनंदाचं गाणं म्हणवून घेतलं. पुढे आठवडाभर तो खोकत होता.

तीन वर्षांनी लेफा झाला तेव्हा बातमी द्यायचा मान मातेफोने मागून घेतला. कॉयरचा राग होताच. काठी तिने अशी चालवली की मास्तर दोन दिवस एका बाजूवर झोपला. म्हणून तो जन्मभर सांगायचा, "मुलगी झाली तेव्हा भिजलो, मुलगा झाला तेव्हा मार खाल्ला. तेव्हापासून घरात हेच चाललंय."

लेफा लहान असताना यावर सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

घरात रोज संध्याकाळी जेवणाआधी गाणं व्हायचं. दिम्फो वरच्या पट्टीत, मादिम्फो तिच्याखाली, तुमेलो अगदी तळाला. चौथा आवाज नव्हता. मुलग्याचा आवाज फुटायची बाप अशी वाट बघत होता, जसा शेतकरी ढगांची बघतो. लेफा चौदा-पंधराचा झाला, वर्षभर कोंबड्यासारखा चिरकला आणि मग एके दिवशी आवाज स्थिरावला तो नेमका टेनरमध्ये, पुरुषांच्या वरच्या पट्टीत. उंच, मोकळा, धार असलेला. तुमेलो त्या रात्री जेवलाच नाही. कागद घेऊन बसला आणि चार आवाजांचं गाणं त्याने रचलं, आपल्या अंगणापुरतं.

गाणं काही फार मोठं नव्हतं. तीन कडवी. प्रत्येक कडव्यात तिघांनी मिळून संध्याकाळ सांगायची. धूर छपरावर बसला, गुरं वाड्यात आली, मेंढ्या मोजून झाल्या. आणि मग विचारायचं, "कोण अजून बाहेर आहे?" तिथे तिघं गप्प. लेफाने एकट्याने उत्तर द्यायचं: "मी आहे, मी आहे, चढावर आहे." की परत सगळे: "ये, उकड गरम आहे." ते ऐकायला शेजारची पोरं कुंपणाला लटकायची. मातेफोसुद्धा यायची, पण मीठ मागायच्या निमित्ताने.

दोन-अडीच वर्षं हे गाणं त्या अंगणात पूर्ण झालं. मग लेफाने खाणीवर जायचं काढलं.

त्यात नवल काही नव्हतं. त्याच्या वयाची सगळी पोरं जात होती आणि ट्रंका, रेडिओ, जाड बूट घेऊन परत येत होती. तुमेलोच्या मनात मात्र लेफाला अध्यापक विद्यालयात घालायचं होतं. एरवी शब्दाने न दुखवणारा माणूस त्या दिवशी अंगणात वाटेत आडवा उभा राहिला.

"जायचं तर जा," तो म्हणाला. "मी काही तुला दावणीला बांधलेलं नाही. पण जो जमिनीखाली जाणार, त्याने माझ्या अंगणात गायचं नाही."

"नाही गाणार," लेफा म्हणाला. "इथे नाही आणि कुठेच नाही."

दोघांनी शब्द पाळला, जसं काही त्यावर बक्षीस लागलं होतं. "खाण तशी माती," मातेफो म्हणाली, आणि पहिल्यांदाच ती गमतीत म्हणत नव्हती.

लेफा गेला त्याच दिवशी संध्याकाळी तिघं गायला बसले. "कोण अजून बाहेर आहे?" झालं, आणि तुमेलोचं बोट सवयीने डाव्या बाजूला, लेफाच्या स्टुलाकडे गेलं. तिथे कुणी नव्हतं. बोट तसंच वर राहिलं. चार ठोके गेले. मग त्याने बोट खाली आणलं आणि तिघं म्हणाले, "ये, उकड गरम आहे."

दुसऱ्या दिवशी दिम्फोने विचारलं, "बाबा, मी खाली उतरून म्हणू का ती ओळ?"

"ती तुझी नाही."

"मग गाळूया."

"गाळायची नाही."

बस्स. ते चार ठोके तसेच राहिले. वर्ष गेलं, दुसरं गेलं. लेफा वर्षातून एक-दोनदा यायचा, पण कसा, तर दुपारच्या बसने, बाप शाळेत असताना. आईसाठी साखर, साबण, रॉकेल आणायचा, जेवायचा, छपराचं काही सैल झालं असेल तर ठोकून द्यायचा आणि तीच बस परतताना गाठायचा. संध्याकाळ त्याने या घरात पुन्हा पाहिलीच नाही. समोरच्या उतारावरून तुमेलोला दुकानापाशी थांबलेली बस दिसायची. त्या दिवशी शाळेत गाणं व्हायचं नाही, हे पोरांना पाठ झालं होतं.

मादिम्फोने काय कमी प्रयत्न केले! लेफाला म्हणाली, "बाबा वाट बघतात रे."

"मग बोलावलं का नाही?"

नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही एक शब्द टाका. वर्गात साठ पोरांना बोलायला शिकवता, स्वतःच्या पोराशी बोलता येत नाही?"

"रोज संध्याकाळी बोलावतो की," तुमेलो म्हणाला.

"त्याला ऐकू येतं का ते? खाण कुठे, आपलं अंगण कुठे!" ती इतकी चिडली की तिने उकडीचं भांडं आपटलं. त्या माणसाला सगळं येत होतं, पण बोललेला शब्द मागे घेता येत नव्हता. याबाबतीत तो गावातल्या कुठल्याही गाढवापेक्षा शहाणा नव्हता, आणि हे तिने त्याला सांगितलंही.

इकडे कुंपणावर आता नवी, लहान पोरं लटकायची, त्यांनी गाणं उचललं होतं. ऐकून उचललं, म्हणजे थांब्यासकट उचललं. पुढे तीच पोरं शाळेत हे गाणं म्हणायला लागली आणि "कोण अजून बाहेर आहे?" झालं की सगळा वर्ग तोंड मिटून चार ठोके थांबायचा. त्यांना वाटलं, गाणं असंच आहे. तुमेलोने ते कधी दुरुस्त केलं नाही. त्यातल्या काही मुली शिकून मास्तरणी झाल्या, आणखी दोन-तीन गावांत गेल्या आणि तिथेही लग्नात, सणात हेच गाणं, हाच थांबा. हे सगळं लेफाला सांगणार कोण? आणि सांगणार काय, की लोक मध्येच गप्प बसतात?

या जूनमध्ये तुमेलोच्या छातीत थंडी भरली. रविवारी दुपारी उन्हात खुर्ची टाकून बसला होता. मादिम्फो चहा घेऊन आली तेव्हा मान एका बाजूला कललेली होती.

बस आली. कुत्री भुंकली. अंगणातली बोलणी थांबली, आणि मादिम्फोने दाराशी जड बूट काढल्याचा आवाज ऐकला.

लेफा आत आला. तिशीला टेकलेला, रुंद झालेला, कानांवर केस पिकायला लागलेले. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने तिचे दोन्ही हात धरले. मग तो खोकला, आणि ती आईच असल्यामुळे तिने पहिलं हेच विचारलं, "काही घेतोस का खोकल्यावर?"

"धूळ आहे, आई. सगळ्यांनाच असते."

दिम्फो मागे उभी होती. ती आता वडिलांच्याच शाळेत शिकवायची आणि बोलायला वडिलांसारखी घाबरायची नाही. "उद्या बाबांच्या शाळेतली मुलं संध्याकाळचं गाणं म्हणणार आहेत," ती म्हणाली. "तू म्हणशील का, लेफा? तुझी ओळ?"

"नाही."

"अरे, आता तरी..."

"ताई, मी खड्डा खणतो. खणणं मला येतं, तेवढंच मी शिकलोय. गायचं मला सांगू नका. माझा आवाज त्यांना नको होता." तो उठला आणि पुरुषांकडे निघून गेला. जाताना दारातून वाकून गेला, कारण दार त्याच्या लहानपणचंच होतं.

मादिम्फोने घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. पाहुणाच, तिला वाटलं. कामाला आलेला पाहुणा.

शनिवारी सकाळी अंगणात माणूस मावत नव्हता. गावप्रमुख बोलले, चर्चतर्फे बोलून झालं. तुमेलोच्या धाकट्या भावाने पाण्याच्या बादलीची आणि काठीची गोष्ट सांगितली. "काठी कुणी मारली?" असं मागून कुणीतरी विचारलं, तर मातेफो रडत रडत ओरडली, "मी! आणि मारली ती बरी मारली!" लोक हसले, मग पुन्हा रडले. मग पेटी उचलून सगळे डोंगराच्या कुशीला गेले.

मादिम्फोला खड्ड्याच्या काठाशी चटईवर बसवलं. विधवेने त्या वेळी मान खाली घालून गप्प बसावं अशी रीत. घोंगडीच्या कडेखालून तिला फक्त मातीचा ढीग आणि लेफाचे बूट दिसत होते. पेटी खाली गेली. पहिली मूठ लेफाने टाकली, मग फावडं घेतलं. बाकीचे पुरुषही लागले. आणि दिम्फोने सूर दिला.

जुने विद्यार्थी होते, शाळेतली पोरं होती, शेजारच्या गावांतल्या बायका होत्या. धूर छपरावर बसला, गुरं वाड्यात आली. फावडी तालात पडत होती. कोण अजून बाहेर आहे?

आणि सगळा डोंगर गप्प झाला.

लेफाचं फावडं अर्ध्यावर थांबलं. त्याला वाटलं, विसरले. त्याने मान वर करून पाहिलं. शे-दोनशे माणसं तोंड मिटून शांत उभी होती, कुणी गोंधळलेलं नव्हतं. मग सगळे एकदम म्हणाले, "ये, उकड गरम आहे," आणि दुसरं कडवं सुरू झालं.

ढिगाऱ्याजवळ एक तरुण मास्तरीण उभी होती, दुसऱ्या गावची, त्याला न ओळखणारी. लेफाने तिला हळूच विचारलं, "मध्येच का थांबलात?"

"गाणंच तसं आहे, दादा," ती म्हणाली. "इथे थांबायचं असतं. आम्ही लहानपणी घाई करायचो, तर सर रागवायचे. म्हणायचे, येणाऱ्याला चढ चढायला वेळ लागतो. त्याला येऊ द्या."

"केव्हापासून थांबता?"

"पहिल्यापासून. रोज. का?"

लेफाने फावडं मातीत रोवलं. दुसऱ्या कडव्याचा प्रश्न आला, पुन्हा ती शांतता. या खेपेला सगळी फावडी थांबली होती. मादिम्फोला त्याचे बूट दिसत होते. ते जागचे हलत नव्हते. ये, उकड गरम आहे, लोक म्हणाले.

तिसरं कडवं. मेंढ्या मोजून झाल्या, दिवा लागला. कोण अजून बाहेर आहे?

"मी आहे," लेफा म्हणाला. म्हणाला की गायला ते आधी समजलंच नाही. आवाज घोगरा होता, धुळीने खाल्लेला, आणि वरचा सूर लागताना फाटला. पण जागा चुकला नाही. "मी आहे, चढावर आहे."

आणि गाणं तिथेच बंद पडलं. त्या जागी कधी कुणी उत्तर दिलेलं त्यातल्या बहुतेकांनी जन्मात ऐकलं नव्हतं. पुढे आपण गायचंय हेच सगळे विसरले. मुलं एकमेकांकडे बघायला लागली, मास्तरीण आ वासून उभी राहिली, आणि दिम्फोला हुंदका आला तो आवरेना. लेफा फावडं धरून उभा होता, उत्तर दिलेलं आणि पुढे काहीच नाही.

मादिम्फोने डोक्यावरची घोंगडी मागे सारली आणि मान वर केली.

"ये," ती गायली. एकटी, आपल्या खालच्या पट्टीत, त्याच्याकडे बघत. "ये, उकड गरम आहे."

"गा की, मेल्यांनो!" मातेफो ओरडली. "उभे काय राहिलात?" आणि मग सगळं गाव मागून अडखळत आलं. मातेफोचा आवाज सगळ्यांच्या वर होता, बेसूर, आणि त्या दिवशी तिला थांबवायला मास्तर नव्हते.

माती भरून झाली. फाटकाशी कोरफड घातलेल्या पाण्यात सगळ्यांनी हात धुतले आणि लोक जेवायला बसले. जराशाने दुकानापाशी बसचा भोंगा वाजला, दोनदा वाजला, आणि ड्रायव्हरने थोडी वाट पाहिली, कारण लेफाला तो ओळखत होता. मग बस निघून गेली. लेफा अंगणात आईशेजारी आपल्या जुन्या स्टुलावर बसून जेवत होता.